अंगठ्याला सुतळी

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाशी लॉज.
भाडं साडेचारशे, गरम पाणी सहा ते आठ,
आणि काउंटरमागच्या भिंतीवर लाल रंगात:
वाहनाची जबाबदारी मालकाची राहील.
मी ते दोनदा वाचलं. सही करताना तिसऱ्यांदा.

खोली दाखवली तर खिडकी मागच्या अंगाला.
म्हटलं, गाडी दिसेल अशी द्या.
मॅनेजर म्हणाला, ती संडासाशेजारची हाय, घेता?
घेतली.

गाडी म्हणजे काही नवी नाही.
स्प्लेंडर. टाकीला पोचा, आरसा एकच.
मागच्या सीटवर बांधलेल्या पेटीत माझी पितळी वजनं,
पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत, शिक्क्याची.
सकाळी मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याआधी काटे तपासायचे.
पेटी वर आणली.
गाडी कशी आणणार?

हँडल लॉक. मग पुढच्या चाकातून साखळी,
साखळी विजेच्या खांबाला. खांब हलतो.
मग जिन्याच्या गजाला.
पेट्रोलचा कॉक बंद.
तेवढ्यानं जीव ऐकेना, तेव्हा पाना लावून प्लगच काढला
आणि रुमालात गुंडाळला.
बार्शीत एकदा गेली होती, हिच्या आधीची, दारातून.
तेव्हाही हँडल लॉक होतंच.

समोर ताडपत्रीखाली गणपती ओळीनं बसलेले,
अंगाला रंग झालेला, डोळे अजून काढायचे होते.
साक्षीदार म्हणून काही उपयोगाचे नव्हते.

रखवालदार बाबालाल मुल्लाणी. खुर्ची मोडलेली, म्हणून पोतं.
माझं सगळं उरकेपर्यंत विडी ओढत बघत होता.
मग उठला, मागच्या चाकाच्या आऱ्यांत सुतळी ओवली,
दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला
दोन गाठी मारून.
"निवांत झोपा पाव्हणं. चाक फिरलं की मी उठतोय."

निवांत!
प्लग उशीखाली, उशीला पेट्रोलचा वास.
दर तासाला खिडकी.
आहे.
आहे.
तीनच्या सुमाराला कुणीतरी मातीचा टेम्पो आडवा लावला
आणि खिडकीत नुसता टेम्पोच.

अनवाणी खाली धावलो.
अंधारात सुतळी कुठली दिसायला?
पाय अडकला, बाबालाल ताठ उठला,
माझी कॉलर त्याच्या मुठीत.
"कोण हाय रं? गाडीपाशी काय करायलाईस?"
माझीच आहे, म्हटलं.
"समदी असंच म्हणत्यात. नंबर सांग."
एमएच तेरा...
एमएच तेरा, आणि पुढचं काही केल्या आठवेना.
चौदा वर्षं मी ती पाटी पुसतोय.
कुत्री जमली. मॅनेजरच्या खिडकीत दिवा लागला.
तेव्हा मी दुसऱ्या हाताची मूठ उघडली.
त्यानं बॅटरी मारली, प्लग बघितला,
वाकून इंजिनाच्या भोकात बोट घालून बघितलं,
जसं दात पडलेल्या पोराच्या तोंडात बघतात.
कॉलर सोडली. सरळही करून दिली.

मग कुणाला झोप?
थर्मासचा चहा, त्याला पेला, मला झाकण.
"अकरा वर्सं झाली हितं. गिऱ्हाइकाची एक गाडी गेली न्हाई."
चहा संपला.
"माझी सायकल तेवढी गेली. हितनंच.
एकच अंगठा, किती बांधनार?"

सकाळी प्लग बसवला, चौथ्या किकला सुरू.
बाबालाल घरी गेला होता, चालत.

यार्डात तिसऱ्या काट्याला वीस ग्रॅमचा फरक निघाला,
अडत्याशी हुज्जत, शिक्का, पावती.
बाहेर आलो तर मागच्या चाकात
सुतळीचं वीतभर टोक लोंबत होतं,
आणि किल्ली गाडीलाच.